बाळंतविडा आणि डांबरगोळ्या

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, की घरातली जुनी ट्रंक उघडते. आजीची, पणजीची सुती लुगडी बाहेर निघतात. वर्षानुवर्षे धुऊन ती इतकी मऊ झालेली असतात, की दुकानातले नवे कोरे कापड त्यांच्यापुढे खरखरीत वाटावे. त्यांतून दुपटी आणि लंगोट निघतात. झबली, टोपडी, कुंची, लाळेरी शिवली जातात. चार पदर एकावर एक घालून, कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालत एक छोटीशी गोधडी तयार होते. पाहुण्यांना हा बाळंतविडा मोठ्या कौतुकाने दाखवला जातो आणि ते कौतुक रास्तच आहे. जुने सुती कापड घाम टिपते, हवा खेळू देते आणि नवजात बाळाच्या नाजूक कातडीला टोचत नाही. डॉक्टर म्हणून माझे मत विचाराल, तर बाळाला यापेक्षा चांगली भेट नाही.

मग आजचा लेख कशासाठी, असे वाचक विचारतील. त्यासाठी एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वीची, ऐन थंडीतली गोष्ट. सहा दिवसांच्या नातवाला घेऊन एक आजी दवाखान्यात आल्या. सोबत जावई होते. तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली तेव्हा सारे ठीक होते. आता मात्र बाळ दूध ओढत नव्हते, उठवले तरी पुन्हा झोपी जात होते. "थंडीनं मलूल झालाय का हो डॉक्टर?" आजींनी विचारले. बाळ तीन-चार दुपट्यांत आणि वर गोधडीत गुंडाळलेले होते. मी गोधडी उलगडली आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा वास पसरला.

बाळ डोळ्यांपासून तळपायापर्यंत पिवळे होते. लंगोटावरचा लघवीचा डाग चहासारखा काळपट दिसत होता. मी औषधाची चिठ्ठी लिहिलीच नाही. जावयांना सांगितले, "गाडी करा आणि आत्ता जिल्ह्याला बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि हे सगळे कपडे इथेच काढून ठेवा." माझ्याकडच्या धुतलेल्या सुती चादरीत बाळाला गुंडाळून दिले. तिकडे बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागले आणि रक्तही बदलावे लागले. बाळाच्या रक्तात एका विकराची उपजतच कमतरता आहे, हे पुढच्या तपासण्यांत कळले. बारा दिवसांनी बाळ घरी आले. आज तो मुलगा शाळेत जातो आणि त्याला नीट ऐकू येते. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा काविळीत मेंदूला इजा होऊन मूल कायमचे बहिरे किंवा अपंग होऊ शकते.

हे कसे घडते?

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना काही रसायनांपासून वाचवण्याचे काम जी-सिक्स-पी-डी नावाचा विकर करतो. काही जणांत तो जन्मतःच कमी असतो. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतो. भारतातल्या अनेक समाजांत तो आढळतो. एरवी अशी माणसे पूर्ण निरोगी असतात, त्यामुळे घरात कोणाला याची कल्पनाही नसते.

डांबरगोळ्यांत बहुधा नॅप्थॅलीन असते. या गोळ्या उघड्या ठेवल्या की हळूहळू लहान होतात, कारण त्यांची वाफ होत असते. ती वाफ कपड्यांत मुरते. अशा कपड्यांत बाळाला गुंडाळले, की नॅप्थॅलीन श्वासातून आणि कातडीतून त्याच्या अंगात जाते. ते तेलात विरघळते, म्हणून तेल चोळलेल्या अंगातून अधिकच शोषले जाऊ शकते. आणि आपल्याकडे तर बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, लगेच घट्ट गुंडाळण्याची पद्धत आहे. विकर कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी मग भराभर फुटू लागतात. त्यांतून तयार होणारे पिवळे द्रव्य बाहेर टाकण्याची ताकद नवजात यकृतात नसते. त्यामुळे कावीळ झपाट्याने वाढते.

नवजात बाळाची प्रत्येक कावीळ अशी नसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी सौम्य कावीळ बहुतेक बाळांना होते आणि आठ-पंधरा दिवसांत जाते. मात्र पुढील लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठा: जन्मानंतर पहिल्या २४ तासांतच आलेली कावीळ, तळहात-तळपाय पिवळे होणे, बाळ दूध न ओढणे किंवा उठवूनही न उठणे, लघवी गडद होणे, शी पांढुरकी होणे. "कोवळ्या उन्हात धरा, उतरेल" या सल्ल्यावर विसंबून दिवस घालवू नका. ऊन हा निळ्या प्रकाशाच्या उपचाराला पर्याय नाही.

शिवणाऱ्या हातांसाठी काही नियम

१) बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नकोच. बाजारात याच रूपात दुसऱ्या रसायनाच्याही गोळ्या मिळतात. कोणती कशाची आहे हे ओळखण्याच्या भानगडीत न पडता सगळ्याच टाळा. बाळंतविडा धुऊन, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवा. कसरीची भीती वाटत असेल तर गाठोड्याच्या बाहेर कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि महिन्यातून एकदा ऊन दाखवा. ज्या कापडाला डांबरगोळीचा वास येतो, ते नवजात बाळासाठी वापरू नका. बाळाला घेणाऱ्या मोठ्यांची शाल आणि स्वेटरही यात आले. घरात रांगते मूल असेल तर गोळ्या त्याच्या हाती लागू देऊ नका. पेपरमिंट समजून मुले त्या तोंडात टाकतात.

२) जुने कापड शिवण्यापूर्वी गरम पाण्यात धुवा. ट्रंकेतल्या धुळीने शिवणाऱ्या बाईलाच दमा उसळतो, असे मी अनेकदा पाहतो. घरात कोणाला खरूज झाली असेल तर त्याचे कपडे या कामात घेऊ नका.

३) आतल्या बाजूचे सुटे दोरे कापून टाका. झबल्याच्या बाहीतला किंवा मोज्यातला एखादा सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि बोट सुजून काळे पडू लागते. बाळ काही केल्या रडायचे थांबत नसेल, तर हातापायांची बोटे एकेक करून पाहा. मुलगा असेल तर लंगोट सोडूनही पाहा.

४) टिकल्या, मणी, घुंगरू, सैल बटणे लावू नका. बाळ ओढून तोंडात घालते. कुंचीच्या नाड्या आखूड ठेवा आणि बाळाला झोपवताना कुंची, टोपडे काढा.

५) शिवायला बसताना सुया मोजा आणि उठताना पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली तरी गोधडी बाळाजवळ नेऊ नका. लोहचुंबक फिरवला तर हरवलेली सुई सापडते.

६) पहिले वर्षभर गोधडी बाळाच्या खाली, पातळ आणि ताणून अंथरायला वापरा. अंगावर जड गोधडी नको. ती तोंडावर आली तर बाळाला बाजूला सारता येत नाही. थंडी असेल तर अंगात एक झबले जास्त घाला. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून आवळू नका, त्याने खुब्याचे सांधे बिघडू शकतात. पाय बेडकासारखे मोकळे हलले पाहिजेत.

आणि आजींसाठी

शिवणाऱ्या आजींच्या तब्येतीकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगतो.

सुई ओवता येईना, की कोणाचातरी जुना चष्मा लावू नका. डोळे तपासून घ्या. काही आजी उलट आनंदाने सांगतात, "डॉक्टर, माझा चष्मा सुटला! आता तसंच ओवता येतं." हा आनंद फसवा असू शकतो. मोतीबिंदूच्या एका प्रकारात सुरुवातीला जवळचे चांगले दिसू लागते आणि दूरचे धूसर होते. रक्तातली साखर वाढल्यानेही चष्म्याचा नंबर असा बदलतो. तेव्हा चष्मा सुटला तर आधी डॉक्टरांकडे जा.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल आणि अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर वाटत असतील, तर मनगटातली शीर दबत असण्याची शक्यता आहे. मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार असलेल्यांना हे जास्त होते. दुपट्यावर रक्ताचा ठिपका दिसला, पण सुई कधी टोचली ते कळलेच नाही, असे होत असेल तर साखर तपासून घ्या.

सुई टोचली तर साबण-पाण्याने बोट धुवा. दर वेळी इंजेक्शनसाठी धावायची गरज नाही. मात्र धनुर्वाताची शेवटची लस घेऊन १० वर्षे झाली असतील तर एक मात्रा घ्या. भिंतीला पाठ टेकून, मांडीवर उशी घेऊन, खिडकीच्या उजेडात बसा. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला.

पुन्हा त्या आजी

बाळ घरी आल्यावर त्या आजी एकट्याच मला भेटायला आल्या. बराच वेळ गप्प बसून होत्या. मग म्हणाल्या, "सगळी गोधडी माझ्या हातची. मीच पोराला विष पांघरलं. आता सुईला हात लावणार नाही."

मी म्हणालो, "मावशी, चूक असेल तर माझीही आहे. तुमची लेक नऊ महिने माझ्याकडे येत होती. मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, रक्तदाब पाहिला, पण बाळाचे कपडे कशात ठेवलेत, हे एकदाही विचारलं नाही. दोष गोळ्यांचा आहे. तुमच्या शिवणाचा नाही."

तेव्हापासून सातव्या महिन्यानंतर येणाऱ्या प्रत्येक लेकीला आणि तिच्या आईला मी हा प्रश्न विचारतो. दहांपैकी दोघी-तिघी तरी "हो, घातल्यात की गोळ्या," असे सांगतात. मग घरी जाऊन ट्रंक उघडली जाते, कपडे धुतले जातात. एवढ्याने काम होते.

त्या आजींनी वर्षभर खरोखरच सुई हातात घेतली नाही. पुढे धाकट्या मुलीला दिवस गेले, तेव्हा त्या पिशवी घेऊन आल्या आणि चार दुपटी व एक गोधडी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, वास घेऊन बघा."

मी घेतला. साबणाचा आणि उन्हाचा वास होता.

वाचकहो, तुमच्या घरी पाळणा हलणार असेल, तर आज ट्रंक उघडून एवढे नक्की पाहा.