विशारद झाल्यावर संगीतात बी.ए. कशाला?

प्रश्न : माझी मुलगी गाण्यात विशारद झाली आहे. बारावीनंतर संगीतातच बी.ए. करायचं म्हणते. विशारद असताना पुन्हा पदवी कशाला? आणि उद्या मैफली मिळाल्या नाहीत तर पोट कसं भरणार?
– एक पालक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात दोन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत, एक परीक्षेची, दुसरी पोटापाण्याची. एकेक सोडवू.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यांनी पुढे स्थापन केलेलं मंडळ प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा घेतं; विशारद ही त्यांतलीच एक. गुरूंकडे शिकायचं आणि केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, अशी ही पद्धत. ‘विशारद म्हणजे बी.ए.च’ असा समज मात्र सरसकट खरा नाही. काही ठिकाणी ती ग्राह्य धरतात, पण पुष्कळ नोकऱ्यांना विद्यापीठाची पदवीच लागते.

पदवीच्या वर्गात रोजची तालीम असते. पुण्याच्या विद्यापीठातलं ललित कला केंद्र तर गुरुकुल पद्धतीनेच चालतं. तालमीच्या जोडीला शास्त्र येतं. बंदिश ऐकायची आणि भातखंडे स्वरलेखन पद्धतीने कागदावर उतरवायची : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तालातल्या समेला फुली, खालीला शून्य. गळ्यातलं गाणं असं कागदावर आलं, की ते दुसऱ्याला शिकवता येतं, वाद्यवृंदासाठी बांधता येतं, जपून ठेवता येतं. पदवीचा खरा उपयोग इथे आहे.

आता पोटापाण्याचं. संगीत शिकलेला फक्त मैफलीवर जगतो, हा दुसरा गैरसमज. बहुतेकांची मिळकत चार वाटांनी येते : शिकवण्या, साथसंगत, ध्वनिमुद्रण, अधूनमधून कार्यक्रम. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांच्या संगीत शिक्षकाला संगीताची पदवी लागते. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. ध्वनिमुद्रणाची ओढ असेल, तर पदवीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा अभ्यासक्रम आहे. आकाशवाणी मात्र पदवी विचारत नाही. स्वरचाचणी घेऊन श्रेणी देते. आणि गंमत पाहा, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, आकाशवाणीची ‘ए’ श्रेणी मिळवलेल्या कलावंतालाही प्राध्यापकपदाचं दार उघडं ठेवलं आहे. पण पदवी तिथेही हवीच.

म्हणून मुलीला अडवू नका. पदवीने मैफल मिळत नाही. ती रियाजानेच मिळते. पण गाण्याच्या आसपासची बाकी दारं पदवीमुळे उघडतात. एवढं मात्र करा : अर्ज भरण्याआधी तिला घेऊन विभागात जा, एक तालीम ऐका. तिथल्या गुरूंची गायकी तिच्या गळ्याला मानवते का, हे पाहा आणि मगच फी भरा.