तंजावरचे ताट : अनेक धातूंचा एक अलंकार

निरनिराळ्या रंगांचे व निरनिराळ्या स्वभावांचे धातू एकाच वस्तूत एकत्र आणून त्यांपासून शोभेची वस्तू अथवा दागिना घडविणे ही भारतातील एक जुनी कला आहे. बीदरच्या कामात जस्त व थोडे तांबे यांच्या ओतीव भांड्यावर चांदीची नक्षी ठोकून बसवितात व उरलेला पृष्ठभाग काळा करतात. तमिळनाडूतील तंजावर येथे पितळ, तांबे व चांदी या तिहींचा संयोग केलेली ताटे बनवितात. सोनारकाम शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला हे ताट म्हणजे एक उघडे पाठ्यपुस्तकच होय. कारण मिश्र धातूंच्या कामातील बहुतेक सर्व अडचणी आणि त्यांवरील उपाय त्यात एकत्र पाहावयास मिळतात.

ताटाचा पूर्वेतिहास

तंजावरचा दागिन्यांशी असलेला संबंध फार जुना आहे. राजराज चोळाने बांधविलेले बृहदीश्वराचे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवरील शिलालेखांत राजाने व त्याची बहीण कुंदवै हिने देवास अर्पण केलेल्या दागिन्यांची वजनासह आणि रत्नांच्या संख्येसह नोंद आहे. याच मंदिराच्या आवारात तंजावरच्या भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेखही आहे. तो १८०३ मध्ये दुसरे सरफोजी राजे यांनी कोरविला.

सरफोजी राजे (१७७७–१८३२) हे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या घराण्यातील होत. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला व राजांकडे केवळ तंजावरचा किल्ला आणि त्याचा परिसर उरला. उरलेली शक्ती त्यांनी विद्या व कला यांकडे वळविली. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी मोठी वाढ केली. नागरी लिपीत छापणारा छापखानाही काढला. आपल्या राज्याचे वैभव दाखवील अशी एखादी वस्तू घडवा, असे त्यांनी दरबारच्या कारागिरांस सांगितले आणि त्यातून हे ताट निर्माण झाले, असे परंपरेने मानले जाते.

तमिळ भाषेत या ताटाला ‘तट्टु’ म्हणतात. हाच शब्द त्या भाषेत ‘ठोकणे’ या अर्थीही येतो. म्हणून ठोकून घडविलेल्या या वस्तूस तो दुहेरी शोभतो. ताट जेवणासाठी नसते. ते भिंतीवर लावण्यासाठी अथवा सन्मानचिन्ह म्हणून देण्यासाठी असते. मध्यभागी बहुधा एखाद्या देवतेची उठावाची आकृती असते व तिच्याभोवती फुले, वेली, पशुपक्षी यांच्या लहान आकृतींचे वलय असते. तांब्याच्या लालसर भूमीवर चांदीची शुभ्र आकृती उठून दिसते, हेच त्याचे सौंदर्य.

तीन कारागीर, तीन कामे

एक ताट परंपरेने तीन कारागिरांच्या हातून जाते. पहिला जड धातूचे काम करणारा, म्हणजे आपल्याकडील तांबटासारखा. तो पत्रा ठोकून व गोल कापून ताटाचा तळ तयार करतो. दुसरा सोनार. तो चांदीचा पातळ पत्रा ठशावर दाबून व ठोकून उठावाच्या आकृत्या काढतो. तिसरा कारागीर त्या आकृत्या तळावर जडवितो आणि अखेरचे काम पुरे करतो. या कामांचा क्रम असाच का, हे समजण्यासाठी धातूंचे गुण पाहावे लागतील.

धातू कठीण होतो आणि पुन्हा मऊ होतो

चांदीचा अथवा तांब्याचा पत्रा ठोकू लागले की प्रथम तो सहज वाकतो. थोड्या वेळाने तो ताठर होतो, आणि तरीही ठोकत राहिल्यास त्याला तडा जातो. याचे कारण धातूच्या रचनेत आहे. धातू हा असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो. स्फटिकांत अणूंच्या ओळी असतात आणि या ओळींत जागोजागी दोष असतात. हातोडीच्या घावाने हे दोष सरकतात, म्हणून धातू आकार बदलतो. परंतु घावांबरोबर नवे दोष उत्पन्न होऊन त्यांची गर्दी होते, ते एकमेकांस अडवितात आणि धातू ताठरतो.

असा पत्रा अंधाऱ्या जागी मंद लाल दिसेपर्यंत तापविला की त्यात नवे, दोषरहित स्फटिक तयार होतात व तो पुन्हा मऊ होतो. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. पोलाद तापवून पाण्यात बुडविले तर ते कठीण होते. तांबे आणि चांदी पाण्यात बुडविली तरी मऊच राहतात. एका खोल आकृतीसाठी ठोकणे आणि तापविणे यांची अनेक आवर्तने करावी लागतात. पत्रा केव्हा तापवावा, हे अनुभवी सोनार हातोडीच्या आवाजावरून ओळखतो. नवशिक्याने ही ओळख होईपर्यंत वरचेवर तापविणे बरे; तडा गेलेला पत्रा मुशीत टाकण्यापलीकडे उपयोगाचा राहत नाही.

दोन धातूंचा सांधा

खरी परीक्षा सांध्याची असते. शुद्ध तांबे सुमारे १,०८५° सेल्सियसला व शुद्ध चांदी सुमारे ९६२° ला वितळते. यावरून कोणी असा समज करून घेईल की, तांब्यावर चांदी ठेवून ९००° पर्यंत तापविण्यास हरकत नाही. परंतु हे दोन धातू एकमेकांस भिडले असता त्यांच्या संपर्काच्या जागी सुमारे ७८०° लाच द्रव तयार होऊ लागतो. ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे यांचे मिश्रण या तापमानाला वितळते, आणि दोन्ही धातूंपैकी कोणाचाही वितळबिंदू इतका खाली नसतो. म्हणून बेसावध शिकाऊ कारागिराच्या डोळ्यांदेखत चांदीची नाजूक पाकळी तांब्यात विरून जाते.

याच गुणाचा उपयोग मात्र जगाने करून घेतला आहे. इंग्लंडमधील शेफील्ड गावी टॉमस बोल्सोव्हर याने १७४३ च्या सुमारास तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून चिकटविण्याची व नंतर दोन्ही एकत्र लाटण्याची रीत काढली. या ‘शेफील्ड’ भांड्यांनी पुढे सुमारे शंभर वर्षे बाजारात चांदीच्या भांड्यांची जागा घेतली.

सोनार सामान्यतः डाख वापरतो. चांदी, तांबे व जस्त यांचे हे मिश्रण जोडावयाच्या धातूंपेक्षा कमी तापमानाला वितळते. सांध्यावर टाकणखार लावतात; तो वितळून धातूवरील ऑक्साइड विरघळवितो व हवेला दूर ठेवतो. पितळ असल्यास अधिक जपावे लागते. त्यातील जस्त ९०७° ला उकळते, आणि पितळ फाजील तापल्यास पांढरा धूर निघतो. तो श्वासावाटे गेल्यास ताप येतो. कॅडमियम असलेला डाख तर त्याहून घातक असल्याने तो मुळीच वापरू नये.

मोठ्या ताटाला हा अग्नीचा मार्ग परवडत नाही. ३० सेंटिमीटर लांबीची तांब्याची व चांदीची पट्टी घट्ट जोडून ७००° नी निवविली, तर चांदी तांब्यापेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर अधिक आकसते आणि ताट वाकते. शिवाय ठोकून आलेला ताठरपणा अग्नीने जातो. म्हणून तंजावरचा कारागीर थंड सांधा पसंत करतो. चांदीच्या उठावाची मागील पोकळी तो मेणासारख्या चिकट मसाल्याने भरतो. मग आकृती तळावर ठेवून तिच्या कडा बोथट छिन्नीने ठोकून घट्ट बसवितो. मसाल्यामुळे पातळ पत्रा दाबला तरी चेपत नाही.

आता तीन कामांचा क्रम स्पष्ट होईल. ज्या कामास अधिक अग्नी लागतो ते आधी, ज्यास कमी लागतो ते नंतर, आणि ज्यास अग्नी सोसत नाही ते शेवटी. मसाला अग्नीने वितळतो, खडा अग्नीने तडकतो. म्हणून त्यांचा क्रम अखेरीस येतो. हा नियम ताटापासून कानांतल्या कुड्यांपर्यंत सर्वत्र सारखाच लागू आहे.

विद्यार्थ्याचा पहिला नमुना

हुपरीसारख्या चांदीकामाच्या गावी असो वा शाळेच्या कर्मशाळेत असो, शिकणाऱ्याने प्रथम एक लहान पदक करून पाहावे. त्यासाठी तीन सेंटिमीटर व्यासाची, एक मिलिमीटर जाडीची तांब्याची चकती आणि त्याहून पातळ असा चांदीचा पत्रा घ्यावा.

प्रथम आकृती कागदावर काढावी. मिश्र धातूंच्या कामात रंग लावावयाचे नसतात. धातू हेच रंग होत. म्हणून कागदावर दोनच छटा वापराव्यात आणि आकृती हातभर अंतरावरून ओळखू येते की नाही, हे पाहावे. ओळखू येत नसेल तर रेषा कमी कराव्यात.

त्यानंतर चकतीला कडी डाखाने जोडून घ्यावी, कारण ते अग्नीचे काम आहे. राळ, विटकरीची भुकटी आणि थोडे तेल यांच्या गरम मिश्रणावर चांदीचा पत्रा चिकटवून, उलट बाजूने बोथट खिळ्यांनी उठाव काढावा व पुढील बाजूने रेषा स्पष्ट कराव्यात. पत्रा मधून मधून सोडवून, राळ साफ करून तापवावा. तापविल्यावर आलेला काळेपणा सौम्य आम्लाने जातो. जुने कारागीर चिंच वापरतात. तिच्यातील टार्टरिक आम्ल तांब्यावरील ऑक्साइड विरघळविते. गंधकाम्ल वापरावयाचे असल्यास ते शिक्षकांनीच हाताळावे, आणि नेहमी आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. तांबे धुतलेल्या आम्लात लोखंडी चिमटा घातला की चांदी गुलाबी होते. लोखंड आम्लात विरघळते व त्यातील तांबे चांदीवर येऊन बसते. म्हणून चिमटा तांब्याचा अथवा लाकडाचा असावा.

अखेरीस फूल चकतीवर ठेवून चांदीच्या तारेच्या दोन बारीक रिव्हेटांनी बसवावे आणि नंतर जिल्हई द्यावी. दोन रिव्हेटांची भोके एकदम पाडू नयेत. एक पाडून, रिव्हेट बसवून, मग दुसरे पाडावे; अन्यथा भोके जुळत नाहीत.

रंग टिकविणे

काळजी न घेतल्यास चांदी हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडते, तर तांबे तपकिरी व पुढे हिरवे होते. शिवाय दोन धातू ओलाव्यात एकमेकांस चिकटून राहिले की त्यांचा एक लहानसा विद्युत्घट बनतो आणि त्यात चांदी सुरक्षित राहून तांबे झिजते. घामाने भिजणाऱ्या दागिन्यात हे विशेष घडते. म्हणून असा दागिना वापरल्यावर पुसून कोरडा ठेवावा. सांध्यात फट राहू नये याचे कारणही हेच.

ही कला कशावर उभी आहे

‘तंजावर ताट’ या नावाला भौगोलिक चिन्हांकनाचे संरक्षण मिळाले आहे. हा कायदा १९९९ मध्ये झाला व २००३ मध्ये अमलात आला. कायद्याने नावाची नक्कल रोखता येते. हाताचे कौशल्य मात्र कायद्याने उत्पन्न होत नाही. यंत्राने दाबलेली आकृती स्वस्त व झटपट होते, आणि दुरून पाहणाऱ्यास फरकही कळत नाही. तीन कारागिरांच्या साखळीतील एक दुवा निखळला की उरलेले दोघे हातावर हात ठेवून बसतात. तळ करणारा नसेल तर सोनाराच्या आकृतीस जागा नाही. ठसा करणारा नसेल तर आकृतीच नाही.

म्हणून या कलेचे भवितव्य जितके खरेदी करणाऱ्यावर, तितकेच शिकणाऱ्यावर अवलंबून आहे. पत्रा कोणत्या आवाजाला मऊ करावा, कोणते काम अग्नीच्या आधी व कोणते नंतर, हे ज्ञान ग्रंथांतून अर्धेच मिळते. उरलेले अर्धे कारागिराशेजारी बसून, हातात हातोडी घेऊनच मिळवावे लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. चांदी व तांबे यांच्या सांध्याच्या जागी दोहोंच्या वितळबिंदूंपेक्षा कमी तापमानाला द्रव का तयार होतो, ते मिश्रणाच्या आधारे सांगा.

२. ताटाच्या कामात खडे बसविण्याचे काम शेवटी का येते?

३. घरातील तांब्याचे एक भांडे चिंचेने व दुसरे नुसत्या पाण्याने घासून पाहा. फरकाचे कारण लिहा.

४. आपल्या गावातील तांबट, ओतारी अथवा सोनार यांच्याकडे जाऊन ते पत्रा केव्हा तापवितात, हे विचारा व नोंद करा.