सीपॅप मशीन आणि लांबचा विमानप्रवास

माझे शाळेतले सर गेल्या महिन्यात दवाखान्यात आले होते. मुलीकडे न्यू जर्सीला निघालेले. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेतल्या, दारापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, ‘‘अरे, ते झोपेचं मशीन मोठ्या बॅगेत टाकून देतो. विमानात एका रात्रीचा तर प्रश्न!’’ मी त्यांना पुन्हा बसवले.

सरांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो, माणूस गुदमरून अर्धवट जागा होतो. आजार तीव्र असेल तर हे रात्रीतून शेकडो वेळा घडते. सीपॅप मशीन हवेच्या सौम्य दाबाने ती वाट उघडी ठेवते. १९८१ साली ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय प्रथम मांडला. पुष्कळांना हे ऑक्सिजनचे मशीन वाटते. तसे नाही, आपल्या भोवतीचीच हवा ते आत ढकलते.

आता विमानाचे पाहा. आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका ठेवलेला असतो. आपले कळसूबाईचे शिखरदेखील ५,४०० फुटांचेच. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. पण झोपेत ज्याचा श्वास मुळातच अडतो, त्याचा प्राणवायू इथे आणखी खाली जातो. त्यात मुंबई-न्यूयॉर्क थेट प्रवास पंधरा-सोळा तासांचा. वर कोणी फुकटची वाइन घेतो, कोणी झोपेची गोळी. या दोन्हींनी घसा अधिकच सैल पडतो. सौम्य आजार असेल तर एक रात्र मशीनविना गेली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण सरांचा आजार तीव्र आहे.

शिवाय प्रश्न एका रात्रीचा राहतोच असे नाही. माझ्या एका रुग्णाने मशीन सामानात दिले होते. वाटेत विमान बदलताना बॅग मागे राहिली ती तीन दिवसांनी मिळाली. तीन रात्री त्या बाई मुलाच्या घरी खुर्चीत बसून झोपल्या. म्हणून मशीन हातातच ठेवावे. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांत ते हातसामानाच्या मोजणीत धरत नाहीत. तपासणीच्या वेळी ते पिशवीतून बाहेर काढायला सांगतात, तेव्हा मास्क स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत असावा.

विमानात वापरायचे असेल तर निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा आणि आसनाजवळ वीज मिळेल का ते विचारा. ‘मिळेल’ म्हणाले तरी तिच्यावर विसंबू नका, मशीनची बॅटरी जवळ बाळगा. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी चालते. १०० ते १६० पर्यंतच्या जादा बॅटऱ्या परवानगीने दोनच. सुटी बॅटरी मोठ्या बॅगेत टाकायला सक्त मनाई आहे, कारण तिथे आग लागली तर विझवायला कोणी नसते. पाण्याची टाकी रिकामी करून न्या. कललेल्या मशीनमध्ये पाणी शिरले तर ते बिघडते, आणि ओलाव्याची सोय बंद ठेवल्याने बॅटरीही जास्त टिकते.

डॉक्टरांचे इंग्रजी पत्र जवळ हवे. त्यात आजाराचे नाव आणि मशीनचा दाब लिहिलेला असावा. हृदय किंवा फुप्फुसाचा आजारही असेल तर तिकीट काढण्यापूर्वी छातीच्या डॉक्टरांना भेटा.

सरांची खरी अडचण शेवटी बाहेर आली. ‘‘तीनशे लोकांत ती सोंड लावून बसू?’’ मी म्हटले, ‘‘सर, नाही लावलीत तर तीनशे लोक रात्रभर जागे राहतील.’’ हसले. पत्र घेतले. मग आम्ही मशीनच्या अ‍ॅडॅप्टरवरची अक्षरे भिंगातून वाचली : १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे अमेरिकेतल्या विजेवर ते चालेल, फक्त तिकडची पिन लागेल. ती सरांनी बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून त्याच संध्याकाळी आणली.