प्रमाणपत्राची मुदत व नोंदवहीची शिस्त

नवा विद्यार्थी शाळेत येतो तेव्हा मुख्याध्यापक त्याचा पूर्वीच्या शाळेचा दाखला पाहतात. त्यावर सही व शिक्का असतो, म्हणूनच तो विश्वासार्ह ठरतो. संगणकांच्या परस्पर व्यवहारातही असाच दाखला लागतो. त्यास सुरक्षा प्रमाणपत्र म्हणतात.

या प्रमाणपत्रात संकेतस्थळाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदतीच्या आरंभाची व अखेरची तारीख आणि ते देणाऱ्या प्राधिकरणाची अंकीय सही असते. ब्राउझर प्रथम हे सर्व पडताळतो. मगच माहितीची देवघेव गुप्त लिपीत सुरू होते. सार्वजनिक किल्लीच्या जोडीची खाजगी किल्ली मात्र धारकाने कोणासही दाखवावयाची नसते.

मुदत संपली की उत्तम यंत्रणाही अडून बसते. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ओटू व जपानमधील सॉफ्टबँक या दूरध्वनी कंपन्यांच्या लक्षावधी ग्राहकांची सेवा खंडित झाली. एरिक्सन कंपनीने पुरविलेल्या सॉफ्टवेअरमधील एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती, हे त्याचे मुख्य कारण होते. कोणी हल्ला केला नव्हता वा यंत्र मोडले नव्हते; केवळ एक तारीख उलटून गेली होती.

मोठ्या संस्थेत अशी प्रमाणपत्रे हजारोंनी असतात. म्हणून प्रत्येकाची नोंद ठेवणे हे व्यवस्थापनाचे पहिले काम होय. प्रमाणपत्र कोठे वापरात आहे, कोणी दिले, मुदत केव्हा संपते आणि जबाबदारी कोणाची, एवढे रकाने नोंदवहीत असलेच पाहिजेत. किल्ली चोरीस गेल्यास तिचा दुरुपयोग फार काळ होऊ नये, यासाठी मुदती आखूड करण्यात येत आहेत. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस व १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस राहावी, असे एप्रिल २०२५ मध्ये ठरले. इतक्या वारंवार करावयाचे नूतनीकरण हाताने निभावणे कठीण. ते यंत्राकडे सोपवावे, परंतु नोंदवहीवर माणसाची नजर असावी.

शिक्षकांना याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. विद्यार्थ्यांची माहिती भरताना ब्राउझरने धोक्याची सूचना दिल्यास प्रथम संगणकाची तारीख पाहावी. आतील घड्याळाची बॅटरी संपल्याने तारीख मागे गेली असेल, तर चांगले प्रमाणपत्रही अवैध भासते. तारीख बरोबर असूनही सूचना कायम राहिली, तर पुढे जाऊ नये, पासवर्ड टाकू नये. तालुका कार्यालयास कळवावे. तसेच, वैध प्रमाणपत्र संकेतस्थळाच्या नावाची खात्री देते, चालविणाऱ्याच्या सचोटीची नव्हे. म्हणून नावातील प्रत्येक अक्षर वाचावे. मुलांची माहिती ही पालकांनी शाळेकडे सोपविलेली ठेव आहे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न :
१. दाखल्यावर सही नसेल तर तो का स्वीकारू नये?
२. प्रमाणपत्रास मुदत का असावी?