निचऱ्याची पट्टी : कोणी भरावी, किती भरावी आणि का भरावी?



सारा, पाणीपट्टी आणि ऊसबिलातून होणाऱ्या कपाती आपल्याला नव्या नाहीत. पाणी रानात आणण्याचे पैसे आपण पिढ्यान्‌पिढ्या भरत आलो. पण जास्तीचे पाणी रानाबाहेर काढण्याचेही पैसे भरावे लागतात, ही गोष्ट अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. जगात काही मुलखांत अशी पट्टी शेकडो वर्षे चालू आहे. ती कशी बसते, तिच्यात न्याय कोठे आहे आणि अन्याय कोठे शिरतो, एवढा विषय आजच्या पाठात घेऊ. क्षारपड जमिनीचा प्रश्न ज्यांच्या दारात आला आहे त्यांनी तर हा पाठ दोनदा वाचावा.

१. आधी दुखणे कळू द्या

कालवा आला, उपसा योजना झाल्या आणि ऊस वाढला. काळ्या खोल जमिनीत पाणी सावकाश मुरते व त्याहून सावकाश बाहेर पडते. वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिले की भूजल वर चढते. ते मुळाशी आले म्हणजे मुळांना हवा मिळत नाही. उन्हाने वरचे पाणी उडून जाते, पण त्यात विरघळलेले मीठ जमिनीवरच राहते. रान पांढरे दिसू लागते, उगवण विरळ होते, खोडवा बसतो आणि शेवटी रानात लव्हाळा तेवढा राहतो. निरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी सुटले आणि पुढच्या काही दशकांतच त्याच्या लाभक्षेत्रात पाणथळ व खारवट जमिनी दिसू लागल्या. तीच कथा पुढे कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांच्या काठी घडली.

उपाय ठाऊक आहे. साडेतीन ते चार फूट खोलीवर सच्छिद्र पाईप टाकायचे, ते मुख्य पाईपला जोडायचे आणि मुख्य पाईप ओढ्यात सोडायचा. जमीन नुसती खारवट असेल तर पावसाच्या व चांगल्या पाण्याने मीठ धुऊन पाईपवाटे निघते. चोपण असेल तर माती तपासून जिप्समही घालावे लागते.

आता खरी मेख पाहा. विहीर एकट्याची होऊ शकते, पण निचरा एकट्याचा होत नाही. माझ्या रानातल्या पाण्याला ओढ्यापर्यंत जायला चार जणांची राने ओलांडावी लागतात. खालच्याने वाट दिली नाही, किंवा ओढाच गाळाने व झाडोऱ्याने बुजला असेल, तर माझे पाईप जमिनीत पुरलेले पैसेच समजायचे. म्हणजे रानातले पाईप ज्याचे त्याने करावेत, पण मुख्य वाट सर्वांची. आणि सर्वांची वाट म्हटली की वर्गणी आली, पट्टी आली.

२. बीट पिकवणाऱ्यांचा दलदलीचा मुलूख

इंग्लंडच्या पूर्व भागात ‘फेन्स’ नावाचा सखल, पूर्वी दलदलीचा असलेला प्रदेश आहे. तेथील शेतकरी आपल्यासारखाच साखर कारखान्याला माल घालतो, फक्त तो उसाऐवजी बीट पिकवतो. विसिंग्टन येथील बीट साखर कारखाना १९२५ साली याच मुलखात उभा राहिला.

ही जमीन मुळात पाण्याखालची. १६३० च्या सुमारास बेडफर्डच्या अर्लने भांडवलदार गोळा केले आणि व्हर्म्युडेन या डच इंजिनिअरकडून मोठमोठे कालवे खणून घेतले. मोबदल्यात ९५,००० एकर जमीन ठरली होती. पाणी निघाले, पण नवेच संकट उभे राहिले. पीट नावाची तिथली माती कुजलेल्या वनस्पतींची. ती वाळली की आकसते व झिजते. त्यामुळे जमीनच खाली बसू लागली आणि नद्या व कालवे वर राहिले. मग पाणी उपसण्यासाठी पवनचक्क्या आल्या, एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिने आली, नंतर डिझेलचे व विजेचे पंप आले. होम फेन येथे १८५१ साली एक लोखंडी खांब माथा जमिनीबरोबर येईल असा पुरला होता. आज तो सुमारे चार मीटर उघडा पडला आहे.

आपली काळी माती अशी आकसून खाली बसणार नाही, तेव्हा तो भाग सोडून देऊ. घ्यायचा धडा एवढाच, की निचरा हे एकदा करून विसरण्याचे काम नाही. चर गाळाने भरतो, पाईप तुंबतो, पंपाला वीज लागते. देखभालीचा खर्च दरवर्षीचा असतो, आणि निचऱ्याची पट्टी मुख्यतः त्यासाठीच असते.

३. त्यांची पट्टी कशी बसते?

इंग्लंडमध्ये हे काम ‘अंतर्गत निचरा मंडळे’ पाहतात. अशी शंभरावर मंडळे असून त्यांच्या हद्दीत सुमारे १२ लाख हेक्टर, म्हणजे इंग्लंडचा जवळजवळ दहावा हिस्सा येतो. १९३० च्या कायद्याने त्यांची नीट घडी बसवली. आज १९९१ चा जमीन निचरा कायदा लागू आहे. त्यातल्या पाच गोष्टी आपण ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट हद्दीची. ज्या जमिनीला निचऱ्याचा फायदा होतो किंवा ज्या जमिनीवरचा धोका टळतो तीच हद्दीत घ्यायची. १९३३ साली मेडवे नदीच्या प्रकरणात सरकारने पत्र काढून खूण सांगितली : शेतजमिनीच्या बाबतीत, ठाऊक असलेल्या सर्वांत उंच पुराच्या पातळीवर आठ फुटांपर्यंतची जमीन. म्हणजे हद्द पुढाऱ्याच्या मर्जीने ठरत नाही, पातळी पाहून ठरते.

दुसरी गोष्ट दराची. जमीन खंडाने दिली तर वर्षाला किती खंड यावा, यावरून तिचे ‘वार्षिक मूल्य’ ठरवतात. मंडळ वर्षाच्या खर्चाचा अंदाज काढते आणि वार्षिक मूल्याच्या दर पौंडामागे इतके पेन्स असा दर लावते. मूल्य मान्य नसेल तर मूल्यांकन न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

तिसरी, शेतकरी एकटा भरत नाही. हद्दीतली घरे, दुकाने, कारखाने यांनाही निचऱ्याचा फायदा होतो. १९९० पासून त्यांचा वाटा स्थानिक नगरपरिषदांकडून विशेष आकारणीच्या रूपाने मंडळाकडे येतो.

चौथी, मालक आणि कसणारा यांतला फरक. १९३० च्या कायद्यात नव्या कामाचा खर्च मालकावर आणि देखभालीचा खर्च कसणाऱ्यावर अशी विभागणी होती. आता पट्टी कसणाऱ्याच्या नावे निघते. आपल्याकडे वाट्याने व खंडाने शेती करणारे पुष्कळ. पाईपने सुधारलेली जमीन मालकाचीच राहणार, मग भांडवलाचा बोजा वाटेकऱ्यावर का, हा प्रश्न तिथे पूर्वीच विचारला गेला होता.

पाचवी गोष्ट मताची. पट्टी भरणारे शेतकरी मंडळावर आपले प्रतिनिधी निवडून देतात आणि नगरपरिषदांचेही प्रतिनिधी असतात. पण तिथे जमिनीच्या मूल्यानुसार एकेकाला एक ते दहापर्यंत मते मिळतात. येथे मात्र आपला सहकार उजवा म्हणावा लागेल. आपल्याकडे एक सभासद, एक मत. अर्ध्या एकरवाल्याचे रान खारावले तर त्याचे सारेच गेले. पट्टी एकरावर बसली तरी मत माणसाला असावे.

४. वरच्या रानाचे पाणी

गावोगाव वाद पेटतो तो इथे. वरचा म्हणतो, “माझ्या रानात पाणी साचत नाही, मी का भरू?” खालचा म्हणतो, “तुझे पाटाचे पाणी झिरपून माझ्या रानात आले, भोग मीच भोगला, आता पैसेही मीच भरू काय?”

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. इंग्लंडच्या कायद्याने यावर तोड काढली. मंडळाच्या हद्दीबाहेरच्या उंच भागातले पाणी खाली येते, ते वाहून नेण्याच्या खर्चासाठी मंडळाला सरकारच्या पर्यावरण संस्थेकडे अंशदान मागता येते. शिवाय पूर्व इंग्लंडात मंडळाच्या हद्दीबाहेरच्या शेतजमिनीवर ही संस्था दर हेक्टरी एक सर्वसाधारण निचरा आकार बसवते. तो हलका असतो, पण ‘माझा काही संबंध नाही’ असे वरच्याला म्हणता येत नाही.

५. आपल्या देशातील जुना कायदा

हा विचार परदेशातच आहे असे नाही. उत्तर हिंदुस्थानासाठी १८७३ साली कालवे व निचरा कायदा झाला. त्याच्या ५९ व्या कलमात निचऱ्याच्या कामाने ज्यांच्या जमिनीला फायदा होतो त्या मालकांवर वार्षिक पट्टी बसवण्याची तरतूद आहे. पण दोन लगाम घातले आहेत. एक, पट्टी कामाच्या मूळ खर्चावर सालीना सहा टक्के अधिक देखभालीचा अंदाजी खर्च यापुढे जाऊ नये, आणि कामापासून काही उत्पन्न येत असेल तर ते त्यातून वजा करावे. दोन, शेतजमीन असेल तर निचऱ्यामुळे उत्पन्न जेवढे वाढले, तेवढ्या वाढीवर साऱ्याच्या नियमाने जितकी रक्कम बसू शकेल त्यापेक्षा पट्टी जास्त असू नये.

सोप्या भाषेत सांगायचे तर खर्चापेक्षा जास्त घेऊ नका आणि फायद्याच्या मानाने जास्त घेऊ नका. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही हे दोन लगाम कायद्यात लिहावे लागले. मग आपणच आपली योजना करू तेव्हा ते विसरून कसे चालेल?

६. हिशेब करून पाहू

समजा, एका ओढ्यावर १०० एकरांची सामाईक योजना आहे. मुख्य पाईप, ओढ्याची साफसफाई व देखरेख यांचा वर्षाचा खर्च ४४,००० रुपये आहे. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) सरसकट विभागले तर एकरी ४४० रुपये होतात. हिशेब सोपा, पण उंचावरचा कुरकुरणार.

आता जमिनीचे तीन वर्ग करू. ओढ्याकाठची पूर्ण क्षारपड ४० एकर, हिला एकरी तीन भाग. मधली, पाणी लागू लागलेली ४० एकर, हिला दोन भाग. वरची चांगली पण जिचे पाणी खाली उतरते ती २० एकर, हिला एक भाग. एकूण भाग १२० अधिक ८० अधिक २०, म्हणजे २२०. एका भागाला २०० रुपये. म्हणून खालच्याला एकरी ६००, मधल्याला ४०० आणि वरच्याला २०० रुपये. वसुली २४,००० अधिक १६,००० अधिक ४,०००, बरोबर ४४,०००.

कोणी म्हणेल, खालच्यावर जास्त बोजा पडला. पण त्याचीच जमीन पडीकातून उसाखाली येणार आहे. आणि वरच्याने २०० भरले म्हणजे त्याने आपली जबाबदारी मान्य केली. भाग किती धरायचे हे गावाने बैठकीत ठरवावे, पण आधी माती तपासून आणि पातळी घेऊन. तोंड पाहून ठरवू नये.

शिरोळ तालुक्यात श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गटागटाने एकत्र येऊन, कर्ज काढून सच्छिद्र पाईपची कामे केली आणि पडीक पडलेली राने पुन्हा उसाखाली आणली. गट जमला तर काम होते, हे आपल्याच भागात दिसले आहे.

७. सही करण्यापूर्वी विचारा

निचऱ्याची पट्टी सरकार बसवो, पाणीवापर संस्था बसवो, नाहीतर ऊसबिलातून कपातीची संमती कोणी मागो, सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत. ते विचारणे म्हणजे योजनेला विरोध नव्हे.

(१) हद्द कोणत्या नकाशावर व कोणत्या पातळीवरून आखली? माझा गट नंबर कोणत्या वर्गात आहे?

(२) मूळ कामाचा खर्च किती आणि दरवर्षीच्या देखभालीचा किती? दोन्हींचे खाते वेगळे आहे का? कर्ज फिटल्यावर भांडवलाची कपात थांबली पाहिजे, देखभालीची तेवढी चालू राहील.

(३) हद्दीतल्या वस्त्या, रस्ते, उद्योग यांचा वाटा कोण भरतो?

(४) पाणी शेवटी जाते कोठे? ओढा पुढे मोकळा आहे का? खारे पाणी खालच्या गावाच्या पिण्याच्या विहिरीजवळ तर सोडले जात नाही ना?

(५) हिशेब दरवर्षी सभेपुढे येतो का? आकारणी चुकली तर दाद कोणाकडे मागायची?

यांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर ते लेखी मागावे. आणि सर्वांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर मात्र शेजाऱ्याने भरल्यावर मी भरीन असे म्हणत बसू नये. एकाने हात आखडला तर मुख्य पाईप तिथेच अडतो आणि त्याच्यामागच्या सर्वांचे रान बुडते.

शेवटी एक गोष्ट. सर्वांत स्वस्त निचरा म्हणजे जादा पाणी न देणे. ठिबक केले, पाळी लांबवली, पाट गळका ठेवला नाही, तर जमिनीत पाणी कमी जाईल आणि देखभालीची पट्टीही हलकी राहील. जे पाणी आपण रानात सोडलेच नाही, ते बाहेर काढायला पैसे लागत नाहीत.

स्वाध्याय : आपल्या ओढ्यावरच्या दहा शेजाऱ्यांनी एकत्र बसून वरच्याप्रमाणे तीन वर्ग पाडावेत, एकरांची बेरीज करावी व एकरी किती पडते ते काढावे. हिशेब जुळला नाही तर कारखान्याच्या गट ऑफिसमध्ये तो कागद घेऊन यावा.