गाजर गवत रोपातच ओळखा



एका गटात आडसाली लागणीची पाहणी करीत होतो. लागण होऊन सव्वा महिना झालेला. सरीच्या बगलेला हिरवीगार, कातरलेल्या पानांची रोपे दाट उगवलेली दिसली. "हे काय लावलंय?" असे विचारले, तर सभासद म्हणाले, "साहेब, मागं कोथिंबीर टाकली हुती, तिचीच पडीक उगवली असंल." म्हणून भांगलणीत बायांनी तेवढी रोपे मुद्दाम राखलेली. आम्ही एक रोप उपटून दाखवले. वास नाही, पानावर लव, रंग मळकट. ते गाजर गवत होते, आणि आणखी आठ-दहा दिवसांत फुलावर आले असते.

फुलावर आलेले गाजर गवत लहान पोरसुद्धा ओळखते. अडचण आहे ती रोपाची, आणि उपाय चालतो तोही रोपावरच. म्हणून हा लेख.

पहिल्या अवस्थेत याची पाने जमिनीला चिकटून गोल पसरतात. भाकरीएवढा घेर धरतात, मध्ये खोड नसते. पान गाजरासारखे, शेवंतीसारखेही वाटते. खोलवर कातरलेले, फिकट हिरवे आणि दोन्ही अंगांनी बारीक लव असलेले. कोथिंबिरीचे पान गुळगुळीत असते, देठावर उभे राहते, आणि नुसता हात लागला तरी वास सुटतो. झेंडू किंवा रस्त्याकडेला पिवळी-नारिंगी फुले येणारा कॉसमॉस याच्याशी घोटाळा होत असेल तर खोड पाहावे. कॉसमॉसची पाने समोरासमोर जोडीने येतात. गाजर गवताचे एक पान इकडे, तर पुढचे थोडे वर दुसऱ्या बाजूला. खोडावर उभ्या शिरा-खाचा असतात. पुढे ते कमरेच्या वर जाते, शेंड्याकडे भरपूर फांद्या फुटतात आणि ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी, पाच कोनांची फुले येतात. या पांढऱ्या टोपीवरूनच त्याला काँग्रेस गवत म्हणू लागले असे सांगतात. राजकारणात आम्ही पडत नाही.

नाव 'गवत' असले तरी हे गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातले रुंद पानाचे तण आहे. गवतवर्गीय तणाचे औषध मारून "काहीच फरक पडला नाही" म्हणणारे सभासद दर हंगामात भेटतात, त्याचे कारण हेच.

मूळचे हे अमेरिका खंडातले. आपल्याकडे त्याची नोंद झाली ती पुण्यात, १९५५ साली, कचऱ्याच्या ढिगावर. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर बी आले असे मानले जाते. तेथून ते देशभर गेले. एका फुलात पाचच बिया, पण फुले इतकी की एका जोमदार झाडाचे दहा ते पंचवीस हजार बी सहज पडते. बी उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत झाड फुलते. आता हिशेब करा. एक भांगलण झाली, मजूर मिळाले नाहीत म्हणून दुसरी दीड महिन्याने झाली, तर मधल्या काळात बी पडून मोकळे. इतर तणांना हंगाम असतो. याला ओल मिळाली की बारा महिने उगवण. आणि ऊस म्हणजे बारमाही ओल.

येथे आमचीच एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका सभासदाला आम्ही सांगितले, बांधावरचे गाजर गवत उपटून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, फुकटचे खत होईल. फुलावर आलेले टाकू नका, हे सांगायचे राहिले. खत नीट तापले नाही. ते ज्या प्लॉटात पडले तेथे पुढच्या वर्षी खोडवा कमी आणि गाजर गवत जास्त. त्या गृहस्थांनी आम्हाला काही बोलून दाखवले नाही, पण त्यांच्या बांधावरून जाताना अजून मान खाली जाते. फुलण्याआधी उपटलेल्याचे खत जरूर करा. फुललेले असेल तर बी गळण्याआधी काढून वाळवा आणि जाळून टाका.

उपटताना उघडा हात नको. काही जणांना या झाडाने अंगाला खाज सुटते, पापण्या सुजतात, मान आणि कोपराचे आतले अंग लाल होऊन चिघळते. एकदा हा त्रास सुरू झाला की पुढे थोड्याशा स्पर्शानेही उठतो. भांगलणीला बाया आपल्या घरच्या असोत की रोजंदारीच्या, हातमोजे नसतील तर पिशव्या तरी द्या. जिला त्रास झाला तिला पुन्हा त्या सरीत घालू नका, दवाखान्यात न्या. जनावरे हे सहसा खात नाहीत. खाल्ले तर दुधाला कडवटपणा येतो.

औषधाबद्दल थोडक्यात. लागणीनंतर ओलीवर, तण उगवण्यापूर्वी ॲट्राझीन किंवा मेट्रिब्युझीन डब्यावरील प्रमाणाने वापरतात. आंतरपीक असेल तर आधी आम्हाला विचारा. टू-फोर-डी मारणार असाल तर शेजारी द्राक्ष किंवा कपाशी आहे का ते पाहा. वाऱ्याने फवारा गेला तर पीक जाते आणि शेजारही जातो. मिठाचे पाणी (दहा लिटरला दीड ते दोन किलो) पडीक जागेत चालते. शेतात आणि बांधावर नको, आपल्या जमिनी क्षारपड व्हायला पाटाचे पाणी पुरेसे आहे.

पावसाळ्यात गाजर गवतावर मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी उभे पट्टे असलेले भुंगे दिसले, तर कीड समजून मारू नका. हा मेक्सिकन भुंगा १९८३ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी मुद्दाम आणला. पाने खाऊन तो झाड उघडे पाडतो. कोरड्या दिवसांत मात्र जमिनीत दडून बसतो, तेव्हा भार आपल्याच खुरप्यावर. पडीक कडेला पावसाआधी टाकळ्याचे बी फेकले तर तोही याला दाबून टाकतो.

पहिल्या भांगलणीबरोबरच बांध, पाटाची कड आणि गाडीवाट पाहून घ्यावी. प्लॉटात बी येते ते तेथूनच, पाण्याने आणि चाकाने. रोपाची शंका आली तर मुळासकट उपटून, पिशवीत घालून गट ऑफिसला आणा. फिल्डमन ओळखून देतील. फुललेले मात्र आणू नका. ऑफिसच्या कुंपणाकडेला आमचे आम्हालाच अजून काढायचे आहे.