गॅसच्या भोंग्याची छिद्रं बुजू देऊ नका

भातसा नदीकाठच्या सापगावात, आणि पुढे मुरबाडपर्यंतही, एकाच स्वयंपाकघरात ओट्यावर शेगडी आणि कोपऱ्यात चूल अशी घरं अजून आहेत. अशा घरात गॅसगळती ओळखणारा भोंगा लावायचा, तर फ्लॅटसाठी छापलेलं माहितीपत्रक अर्धंच कामाला येतं. धूर, राख, फोडणीची तेलकट वाफ, चार महिन्यांची ओल आणि येणारी-जाणारी लाइट, या सगळ्याचा मार भोंग्यातल्या एका इवल्याशा तुकड्यावर बसतो.

आधी तो तुकडा समजून घेऊ. नेहमीच्या भोंग्यात जाळीच्या टोपीखाली ॲल्युमिनाची, म्हणजे चिनी मातीसारख्या पांढऱ्या पदार्थाची, काही मिलिमीटरची नळी असते. तिच्यावर टिन ऑक्साइडचा सच्छिद्र थर आणि आत तापणारी तार. तार त्या थराला दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवून ठेवते. हवेतला ऑक्सिजन टिन ऑक्साइडच्या कणांना चिकटतो आणि त्यांचे इलेक्ट्रॉन अडवून धरतो, त्यामुळे थराचा विद्युतरोध वाढतो. गॅस आला की त्याची या ऑक्सिजनशी रासायनिक क्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध झपाट्याने उतरतो आणि भोंगा वाजतो. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी अशा सेन्सरच्या पेटंटसाठी १९६२ साली अर्ज केला होता.

हे सगळं घडतं ते छिद्रांच्या आतल्या भिंतींवर. थर भरीव असता तर गॅस वरवर शिवून गेला असता, आतले कण नुसतेच बसून राहिले असते. म्हणून थर भाजताना आच सांभाळावी लागते. जास्त झाली तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि छिद्रं मिटतात. कमी पडली तर थर ठिसूळ राहून सुटतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात अशा थरांवर संशोधन झालं आहे. भाजणं आपल्या हाती नाही, वापरणं आहे. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी भरली की तो दिसतो तसाच, पण पाणी गार करत नाही. भोंग्याचंही असंच होतं.

पहिलं काम जागा ठरवण्याचं. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत पसरतो. भोंगा जमिनीपासून फूटभर उंचीवर, सिलिंडरपासून एक-दोन मीटरवर लावा. चुलीच्या तोंडासमोर नको, मोरीशेजारी नको, दाराच्या झोतात नको. जमीन सारवताना किंवा पुसताना पाणी उडणार नाही एवढं बघा. बोर्ड वर असेल तर वायर खाली आणा. सोयीसाठी भोंगा वर टांगण्यात अर्थ नाही.

मग तो चालू करून एक दिवस-एक रात्र तसाच राहू द्या. बंद पडून थंड झालेल्या थराच्या छिद्रांत हवेतली वाफ शिरून बसते. ती जाईपर्यंत भोंगा उगाच वाजतो किंवा चुकीचा वागतो. पावसाळ्यात हे जास्त जाणवतं. लाइट गेली की तार थंड होते आणि भोंगा आंधळा होतो, म्हणून इन्व्हर्टर असेल तर त्यावरच जोडा. लाइट परत आल्यावर पहिली काही मिनिटं त्याच्यावर विसंबू नका.

साफसफाई कोरड्या मऊ ब्रशने, बाहेरच्या जाळीपुरती. ओलं फडकं, फिनेल, स्प्रे यांपैकी काहीही नको. सगळ्यात वाईट सिलिकॉन: सीलंट किंवा केसांच्या सीरमची वाफ त्या तापलेल्या थरावर वाळूसारखं कवच धरते, आणि ते निघत नाही. घरात रंगकाम किंवा सीलंटचं काम असेल तेव्हा शेगडी व रेग्युलेटर बंद ठेवून भोंगा काढून दुसऱ्या खोलीत ठेवा.

चाचणीचं बटण दाबलं की वाजतं ते फक्त सर्किट. छिद्रांची परीक्षा वेगळी. शेगडी, चूल, देवाजवळचा दिवा, सगळं विझवून सिगरेटच्या लाइटरमधला गॅस ठिणगी न पाडता जाळीपासून थोड्या अंतरावर क्षणभर सोडा. भोंगा वाजायला हवा, आणि हवा लागल्यावर थांबायलाही हवा. शेगडी पेटवायच्या लाइटरमध्ये गॅस नसतो, नुसती ठिणगी असते. तो इथे आणूच नका. महिन्यातून एकदा पुरे.

खरोखर वाजला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा. कुठलंही बटण चालू-बंद करू नका. भोंगा गप्प करण्यासाठी त्याचा प्लगसुद्धा उपसायचा नाही, कारण तिथेच ठिणगी पडते. बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा. एलपीजी हवेत दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचला की पेट घेऊ शकतो. भोंगा त्याच्या बऱ्याच आधी वाजतो, तेवढाच अवधी आपला.

चुलीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडसाठी मात्र या भोंग्यावर भरवसा नको. त्यासाठी धुराडं आणि उघडी खिडकी हवी.

घेताना खोक्यावरची सेन्सरची मुदत बघा; ती बहुधा पाच वर्षांच्या आसपास असते. भोंग्याच्या पाठीवर लावल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. हिरवा दिवा वीज आहे एवढंच सांगतो, म्हणून मुदत संपली की दिवा लागत असला तरी बदला, आणि नवा लावल्यावर पुन्हा एक दिवस-एक रात्र तापू देऊन मगच लाइटरची चाचणी घ्या.